शटर पडल्यानंतरचा हक्क
परभणी जिल्ह्यातल्या बंद दुकानदारांचा जाहीरनामा

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आमच्या जिल्ह्याबद्दल पूर्वापार म्हणतात. आमची बनली नाही. दुकान काढलं, काही वर्षं चालवलं, मग चालेना म्हणून शटर ओढलं. पण आम्ही कुठे गेलेलो नाही. सेलूत आहोत, मानवतला आहोत, पाथरी-गंगाखेडला आहोत, पूर्णेच्या स्टेशनाबाहेर आहोत. कुणाचा किराणा होता, कुणाचे रेडिमेड कपडे, कुणाची पिठाची गिरणी. आमची मागणी एकच आहे: ज्याचा छोटा धंदा बंद पडला त्याला, आणि त्याच्याबरोबर ज्याचं काम गेलं त्या त्याच्या नोकराला, पुढची सोय लागेपर्यंत काही महिने बेकारी भत्ता मिळाला पाहिजे. दया म्हणून नको, हिशेबाने द्या.

हिशेब जुना आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्या दुष्काळात वाढली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हे वचन देशात इतर कुठे नव्हतं. त्यासाठी पैसा कुठून आला, हे मात्र फार कुणाला आठवत नाही. त्यातला मोठा वाटा १९७५ च्या व्यवसाय करातून आला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा, तो रोजगार हमीच्या निधीत टाकायचा आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालायची, अशी ती रचना. घटनेच्या २७६ व्या कलमामुळे हा कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जात नाही. रक्कम लहान आहे, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती मंदीच्या वर्षीही भरली. उन्हातान्हात काम करणाऱ्याच्या हाताला काम मिळावं म्हणून आमच्या गल्ल्यातून पैसे गेले, याचा आम्हाला अभिमान आहे. ते परत मागायला आम्ही आलेलो नाही. आमचे हात रिकामे झाल्यावर त्या हमीत आमची जागा कोणती, एवढंच विचारतो आहोत.

आज जागा नाही. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायची तरतूद झाली, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव आणि पुढे किमान निम्मा. ती खेड्यातल्या अंगमेहनतीच्या कामापुरती. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ ची अटल योजना नोकरी गेलेल्याला सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम देते, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आयुष्यात एकदा. ती विमाधारक कामगारासाठी. दहा माणसं कामाला असतील तिथेच तो विमा सक्तीने येतो, आणि परभणीच्या बाजारात दहा नोकरांचं दुकान शोधून दाखवा! म्हणजे आमचा नोकरही बाहेर आणि आम्हीही बाहेर. त्याच्यापेक्षा महिन्याला कमी उरत असलं तरी आम्ही कागदावर मालक. छोट्या व्यापाऱ्यांसाठी २०१९ साली आलेली मानधन योजना आहे, पण ती साठीनंतरच्या पेन्शनची. पंचेचाळिसाव्या वर्षी दुकान बुडालेल्याने तोवर काय खायचं?

धंदा उघडायला मुद्रा कर्ज आहे, मेळावे आहेत, रिबीन कापायला पुढारी आहेत. बंद करताना कुणी येत नाही. बंद करणं हे एका दिवसाचं काम नसतं, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. आधी फ्रीज विकला जातो, मग काचेचा काउंटर, मग रॅक. घेणारा गरज ओळखूनच भाव पाडतो. डिपॉझिटमधून थकलेलं भाडं कापून घरमालक उरलेले हातावर ठेवतो. मग जीएसटीची नोंदणी रद्द करायची, त्यानंतर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरायचं. नाही भरलं तर बंद दुकानाला लेट फी. शॉप अ‍ॅक्टखाली बंदची सूचना द्यायची. व्यवसाय कराची नोंदणी रद्द करून घ्यायची, नाहीतर तो कर चढत राहतो. आणि शेवटी हातात उधारीची वही उरते. तिच्यात आडनावं नसतात: पिंगळीवाले, झरीच्या आक्का, दैठण्याचे मास्तर. ‘कापूस निघाला की देतो’ म्हणालेली ही माणसं खोटारडी नाहीत. कापूसच निघाला नाही.

इथे आमच्या दुखण्याचं मूळ आहे. परभणीचा बाजार पगारावर चालत नाही, सोयाबीन आणि कापसावर चालतो. सततच्या पावसाने शेत गेलं की शेतकऱ्याच्या बांधावर तलाठी पंचनामा करतो, पीकविम्याची चर्चा होते, अनुदानाची यादी लागते. ते पुरेसं नसतं, वेळेवरही नसतं, आणि शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही. आमची निम्मी घरं शेतीचीच आहेत. पाणी दुकानात शिरलं तर आमचाही पंचनामा होऊ शकतो. पण पाणी गिऱ्हाइकाच्या शेतात शिरलं आणि दुकान सहा महिन्यांनी कोरड्या पायांनी बुडालं, तर त्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात लिहायचा?

आम्हाला फुकट काही नको. व्यवसाय कराच्या चलनावर आणखी थोडी वर्गणी लावा, सरकारने निम्मी भर घालावी, आणि त्याचा वेगळा निधी करावा. निदान तीन वर्षं वर्गणी भरलेल्याला, दुकान खरोखर बंद झाल्यावर, सहा महिने भत्ता द्यावा. ज्यांना हा कर लागत नाही अशा टपरीवाल्यांना आणि हातगाडीवाल्यांना स्वखुशीने सामील होता यावं. हे महाराष्ट्राला नवं नाही. हमालाला एक मालक नसतो, मग त्याला भविष्यनिधी कोण देणार, असं एकेकाळी विचारलं जायचं. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं नेमली, हमालीवर लेव्ही बसवली आणि तो प्रश्न सोडवला. त्या वेळी लेव्हीला कुरकुर करणारे आमचेच वाडवडील होते, हेही सांगून टाकतो. बाहेरही पाहा. स्पेनने २०१० साली स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी काम थांबल्याच्या भत्त्याचा कायदा केला. दक्षिण कोरियाने २०१२ पासून छोट्या दुकानदाराला रोजगार विम्यात वर्गणी भरून येऊ दिलं. आपल्याकडे २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली; तिच्यातल्या असंघटित कामगारात स्वयंरोजगारी माणूसही धरलेला आहे. आयुर्विमा, आरोग्य, म्हातारपण यांची नावं तिथे आहेत, बेकारीचं नाही. पण केंद्र ठरवेल ते इतर लाभ देता येतील एवढी फट ठेवली आहे. आम्ही त्या फटीत पाय घालणार.

लोक लबाडी करतील, असं म्हणाल. करतील. दुकान नवऱ्याच्या नावावर बंद आणि बायकोच्या नावावर चालू, हा प्रकार आम्ही तुमच्यापेक्षा जवळून पाहिलेला आहे. म्हणून जीएसटी रद्द झाल्याचा आदेश किंवा शॉप अ‍ॅक्टची बंद-सूचना हाच पुरावा धरा, त्याच जागेत घरातल्या दुसऱ्याच्या नावाने धंदा निघाला तर भत्ता थांबवा, आणि दहा वर्षांत एकदाच द्या. आमचं दुकान कोणत्या तारखेला बंद झालं हे सरकारला ठाऊक असतं. लेट फी लावताना ती तारीख बरोबर सापडते.

या चळवळीला अजून नाव नाही. पाट्या रंगवण्याची हौस फिटलेली आहे. आम्ही बाजार ‘बंद’ पुकारणार नाही. आमची दुकानं तर बंदच आहेत, आणि चालू असलेल्याचा एक दिवसाचा गल्ला बुडवून काय मिळवायचं? नऊही तालुक्यांत आम्ही एकेक नोंदवही ठेवणार: कोणतं दुकान, किती वर्षं चाललं, का बंद पडलं, किती माणसांचं काम गेलं. ती घेऊन आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग आमदारांकडे, मग अधिवेशनाच्या वेळी नागपूरला. दरम्यान ज्याला शेवटचं विवरणपत्र भरता येत नाही त्याला ते आमच्यातला जाणकार पैसे न घेता भरून देईल.

नोंदणीला येताना बंद केल्याचा जो कागद असेल तो आणा, व्यवसाय कराची जुनी चलनं असतील तर ती आणा. नसतील तर शेजारच्या दोन दुकानदारांच्या सह्या चालतील. आणि दुकानात कामाला असलेल्या पोराला बरोबर घेऊन या. त्याची नोंद आधी होईल, मालकाची नंतर.