दुरुस्तीची विद्या कोणाच्या मालकीची?

कसाऱ्याच्या अलीकडे, खर्डीचे स्थानक मागे पडल्यावर उंबरमाळी लागते. शहापूर तालुक्याच्या या टोकाला आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यात लग्नसराई सुरू झाली की हळदीच्या रात्री बेंजो वाजू लागतो. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे, तारांखाली गिटारला असतो तसा पिकअप, आणि हे सारे ज्याच्या जोरावर चालते तो टेम्पोत ठेवलेला ॲम्प्लिफायर, असा हा सरंजाम असतो. हे वाद्य मूळचे जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता याने ते ‘ताइशोगोतो’ या नावाने तयार केले. भारतात ते बुलबुलतरंग झाले आणि कोकणात व ठाणे जिल्ह्यात बेंजो झाले. जपानी कारागिराचे वाद्य सह्याद्रीच्या पायथ्याच्या श्रमिकांनी आपलेसे केले, यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कमीपणा वाटावा अशी गोष्ट वेगळीच आहे. वाद्य वाजवणारे हात येथे पुष्कळ आहेत. ॲम्प्लिफायर बिघडला तर तो उघडून पाहणारे हात मात्र फार थोडे आहेत.

भर हळदीत ॲम्प्लिफायर घरघरतो, खरखरतो आणि बसतो. रात्र वाया जाते, ठरलेल्या सुपारीतून पैसे कापले जातात. दुसऱ्या दिवशी तो जड खोका घेऊन कोणीतरी लोकलने कल्याण गाठतो. तेथे जमले नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. मुरबाडकरांच्या नशिबी आगगाडीही नाही. एका दिवसाची मजुरी बुडते, भाडे जाते आणि अखेर काउंटरपलीकडून निकाल ऐकायला मिळतो : ‘बोर्ड गेला, नवा घ्या.’ पुष्कळदा बोर्ड गेलेला नसतोच. एखादा डाख सुटलेला असतो, एखादा कंडेन्सर सुकलेला असतो. काही रुपयांच्या सुट्या भागापायी काही हजारांचे यंत्र भंगारात जाते. तानसा आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात येथले पाडे टँकरची वाट पाहतात. पाण्यामागोमाग गावकऱ्याच्या कमाईचा पैसाही त्याच दिशेने वाहून जावा, ही व्यवस्था निसर्गाने केलेली नाही. ती माणसांनी केली आहे, आणि म्हणून तिचा जाब माणसांनाच विचारला पाहिजे.

तारपा आणि ॲम्प्लिफायर

या जिल्ह्यातील वारली समाजाचे पूर्वापारचे वाद्य तारपा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि सांधे बुजवण्यासाठी मेण, एवढ्या सामग्रीतून तो उभा राहतो. तारप्याला चीर पडली तर वाजवणाऱ्याला कोठे जावे लागत नाही. ज्या रानातून वाद्य आले त्याच रानात त्याचा सुटा भाग मिळतो, आणि ते कसे बनते हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक असते. वापरणारा, घडवणारा आणि सुधारणारा हे तिघे तेथे एकाच वस्तीत, अनेकदा एकाच घरात नांदतात.

ॲम्प्लिफायर आला आणि हे नाते तुटले. ते विजेमुळे तुटले असे म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. वीज ही काही गुप्तविद्या नव्हे. जुन्या काळच्या कित्येक रेडिओ संचांत आतल्या बाजूला मंडलाचा नकाशा चिकटवलेला असे. उघडणाऱ्याने तो वाचावा आणि दोष शोधावा, हे उत्पादकाला मान्य होते. आज नकाशा हे कंपनीचे गुपित झाले आहे. काही बोर्डांवर तर आतला चकतीएवढा भाग काळ्या लुकणाच्या ठिपक्याखाली असा गाडलेला असतो की त्याचे नावही वाचता येऊ नये. नाते वीज तोडत नाही. नकाशा लपवणारा हितसंबंध तोडतो.

गूढ काही नाही

बिघाड शोधण्याची विद्या शिकण्याला किती बुद्धी लागते? शेतात पाणी कोठे मुरते हे बांधावरून चालत जाऊन शोधणाऱ्या शेतकऱ्याला लागते तेवढीच. आधी डोळे, नाक आणि कान : फ्यूज उडाला आहे काय, जळका वास येतो काय, एखादा कंडेन्सर फुगला आहे काय. मग सिरीज दिवा. फिलामेंटचा १०० वॅटचा बल्ब विजेच्या वाटेत ॲम्प्लिफायरच्या आधी जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहतो आणि यंत्र वाचते. आत ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. चाळीस हजारांच्या उपकरणाने सांगावी ती गोष्ट येथे एक बल्ब सांगतो.

त्यानंतर खरी किल्ली येते, ती म्हणजे यंत्राचे मनातल्या मनात दोन भाग करणे. घरघर येत आहे ना? आवाजाचे बटण शून्यावर आणा. घरघर मावळली तर दोष बटणाच्या आधीच्या अर्ध्या भागात आहे. तशीच राहिली तर नंतरच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. चार-पाच पायऱ्यांत संशयित मूठभर उरतात. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते. ती एकदिश करताना तिची १०० होतात, आणि ही लाट सपाट करण्याचे काम फिल्टर कंडेन्सर करतो. उष्णतेने व वयाने तो आतून सुकला की हीच लाट भोंग्यातून घुमू लागते. बटण फिरवताना खरखर आली तर बटणाच्या आत धूळ साचलेली असते. खोक्याला टिचकी मारल्यावर आवाज येतो-जातो असे झाले तर डाख कच्चा आहे असे समजावे. यांतील कोणती गोष्ट आठवी शिकलेल्या मुलाला समजणार नाही?

आणि मुळात ॲम्प्लिफायर जळतो कशाने? मांडवात अधिक आवाज हवा म्हणून एकाच ॲम्प्लिफायरला आणखी स्पीकर समांतर जोडले जातात. आठ ओहमचे दोन जोडले की रोध चार होतो, चार जोडले की दोन. चार ओहमसाठी बनवलेल्या यंत्रातून मग दुप्पट प्रवाह मागितला जातो आणि शेवटचे ट्रान्झिस्टर जळून जातात. ओहमचा नियम शाळेच्या पुस्तकात आहे. त्यावरचे गणित सोडवून गुण मिळवणारा विद्यार्थी मांडवात तोच नियम मोडून ट्रान्झिस्टर जाळतो. या अपयशाचा धनी विद्यार्थी नव्हे. ते गणित आणि तो मांडव यांच्यामध्ये भिंत बांधणारे शिक्षण आहे.

भिंत कोणी बांधली?

ही भिंत जुनी आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. जो हाताने काम करतो त्याने विचार करू नये आणि जो विचार करतो त्याने हात मळवू नयेत, हा या देशाचा अलिखित अभ्यासक्रम आहे. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली. हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे माध्यम असावे असा तिचा आग्रह होता. सुशिक्षितांनी तिला आदराने नमस्कार केला आणि आपली मुले दुसऱ्या शाळांत घातली. १९६६ साली कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. बहुसंख्य शाळांत त्या कार्यानुभवाची कागदी फुले झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवण्याचे ठरवले. दहा दिवसांत डाख देण्याची काडी धरायला हात सरावत नाही, हे धोरण लिहिणाऱ्यांना कोणी सांगावे?

औद्योगिक प्रशिक्षण संस्था १९५० पासून आहेत, असे उत्तर येईल. परंतु इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो तो दहावी उत्तीर्णाला. आश्रमशाळेतून आठवी-नववीत गळालेल्या मुलासाठी ते दार बंद, आणि मुलीला दार उघडे असले तरी तिला वाट शिवणकामाचीच दाखवली जाते. याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून दाखवून दिले की शाळेतून गळालेला मुलगा हाताने काम करत शास्त्र शिकतो आणि गावाला सेवा देत कमावतोही. प्रयोग सिद्ध झाला; चाळीस वर्षे उलटली. शासनाने त्याचे कौतुक केले, पण तो प्रत्येक आश्रमशाळेत पोचवला नाही.

दुसरा धनी बाजार आहे. केंद्र शासनाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ उघडले. कंपन्यांनी तेथे माहिती द्यावी ती स्वखुशीने. हक्क या शब्दाचा याहून मोठा उपहास कोणता? जो हक्क देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो त्याला मराठीत दान म्हणतात. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये, ठरावीक वस्तूंपुरता का होईना, उत्पादकाला दुरुस्तीस बांधून घेणारा निर्देश काढला. भांडवलशाही देशांना जे जमते ते समाजवाद हा शब्द घटनेच्या उद्देशिकेत मिरवणाऱ्या प्रजासत्ताकाला का जमू नये?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप अर्थशास्त्राचे नाव घेऊन येतो : नवे स्वस्त झाले असताना जुने सुधारणे परवडत नाही. कोणाला परवडत नाही? नवा ॲम्प्लिफायर विकला गेला की राष्ट्रीय उत्पन्नात हजारोंची भर पडते; जुना सुधारला तर शंभर-दोनशेंची. भंगारात गेलेल्या जुन्याची वजावट त्या हिशेबात कोठेच होत नाही. म्हणजे नाश जितका अधिक तितकी समृद्धी अधिक, असा हा जमाखर्च आहे. कर्ज काढून दुसरा ॲम्प्लिफायर घेणाऱ्या बेंजोवाल्याच्या वहीत मात्र तोच व्यवहार नुकसानीच्या बाजूला पडतो. ज्या अर्थशास्त्राला या दोन वह्यांतील फरक दिसत नाही, ते शास्त्र नसून विक्रेत्याची वकिली आहे.

दुसरा आक्षेप जिवाच्या काळजीचा : विजेचे काम धोक्याचे, अडाण्यांनी त्यात हात घालू नये. धोका खरा आहे. २३० व्होल्टचा पुरवठा जीव घेतो. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर भार धरून राहतात, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तो शेकडो व्होल्टचा असतो. म्हणूनच ते रोधातून रिकामे करून, मीटरने तपासून मगच आत हात घालायचा असतो. पण हे न शिकवल्याने माणसे सुरक्षित झाली आहेत काय? फ्यूज उडाल्यावर त्या जागी जाड तार गुंडाळण्याची रीत गावोगाव आहे. ती अज्ञानाने पोसली आहे, ज्ञानाने नव्हे. हात तर आजही घातला जातच आहे. प्रश्न एवढाच की तो डोळसपणे घातला जावा की आंधळेपणाने.

तिसरा आक्षेप पुरोगामी वर्तुळातलाच आहे : एवढा गोंगाट वाढवणारी यंत्रे बंदच पडलेली काय वाईट? डीजेचा धिंगाणा निंद्य आहे आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे पालन झालेच पाहिजे. परंतु हाच ॲम्प्लिफायर ग्रामसभेत, मोर्चात आणि शाळेच्या मैदानात लागतो. ज्यांच्या दारात पोलीस आणि ठेकेदार भोंग्यावरून बोलतात, त्यांचा स्वतःचा भोंगा मुका राहावा अशी इच्छा करणे समाजवाद्यांना शोभत नाही.

मागायचे काय?

दानाची भाषा सोडून कायद्याची मागणी केली पाहिजे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनियंत्रासोबत मंडलाचा नकाशा द्यावा. सुटे भाग ठरावीक वर्षे, जाहीर दराने, कोणाही कारागिराला मिळावेत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या शहापूर कार्यालयाने आपल्या आश्रमशाळांत दुरुस्तीचे कायम कार्यशाळा-दालन उघडावे. दहा दिवसांची सहल नको. तेथे मराठीतून, मुलामुलींना सारखे, बिघाड शोधण्याचे शास्त्र शिकवावे आणि दहावीची अट न घालता त्याला प्रमाणपत्र असावे. गावातील बंद पडलेले ॲम्प्लिफायर, पंप आणि पंखे हीच त्या दालनाची पाठ्यपुस्तके व्हावीत.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही शासनाची वाट पाहत बसू नये. एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंगची काडी, एक सिरीज दिवा आणि शिकवू शकणारा एक कारागीर, एवढ्यावर उंबरमाळीच्या पाड्यात रविवारची शाळा भरू शकते. जमीन कसणाऱ्याची, ही घोषणा समाजवाद्यांनी दिली आणि तिच्यासाठी तुरुंगही भोगले. यंत्र वापरणाऱ्याला ते उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि सुधारण्याचा हक्क, ही त्याच घोषणेची पुढची ओळ आहे. पुढच्या लग्नसराईत हळदीच्या रात्री ॲम्प्लिफायर बसेल, तेव्हा पाड्यावरचीच एखादी मुलगी पेचकस घेऊन पुढे आली, तर ती ओळ लिहिली गेली असे समजता येईल.