गाणी म्हणजे नुसता खेळ नव्हे



काही पालक म्हणतात, "शाळेत नुसती गाणीच चालतात, अभ्यास कधी करणार?" मला हे पटत नाही. का ते सांगते.

आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत. माझे वडील तिथे यंत्रमाग चालवतात. आमच्या घरी तेलुगू बोलतात. पहिलीत मला मराठी येत नव्हते. बाई म्हणाल्या, "कान धरा." तेलुगूत डोळ्याला 'कन्नु' म्हणतात. मी डोळ्यावर हात ठेवला. सगळी पोरं खो खो हसली. मग बरेच दिवस मी वर्गात तोंडच उघडले नाही.

नंतर बाईंनी हातवारे करून अवयवांचे गाणे घेतले. नाक म्हटले की नाकाला हात, कान म्हटले की कानाला. सगळे मिळून म्हणताना एखादी चुकली तरी कळत नाही. आठ दिवसांत मला शब्द आले. इंग्रजी शब्दही आम्ही असेच शिकलो.

पण सगळेच गाण्याने येत नाही. 'धावणे' करून दाखवता येते, 'प्रामाणिक' कसे दाखवणार? त्याला गोष्टच लागते. आणि गाणे झाल्यावर शब्द पाटीवर लिहायलाच हवा.

यंदा पहिलीत एक कानडी मुलगा आलाय. कानडीतही डोळ्याला 'कण्णु'च म्हणतात. तो अजून गप्प बसतो. म्हणून पहिलीची गाणी बंद करायला सांगू नका, अशी माझी नम्र विनंती आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी