अनुच्चारित केंद्र : आंतरजालीय संवादातील अमेरिकाकेंद्री गृहीतके

१८४० साली ब्रिटनने जगातील पहिले टपाल तिकीट काढले, तेव्हा त्यावर देशाचे नाव नव्हते. पुढे इतर देशांच्या तिकिटांवर त्यांची नावे आली. ब्रिटनने मात्र ते आजतागायत छापलेले नाही. आंतरजालावर हेच स्थान अमेरिकेकडे आहे. तेथील शासनाच्या संकेतस्थळांना 'डॉट गव्ह' एवढे पुरते. भारत सरकारला त्यापुढे 'डॉट इन' जोडून आपला देश सांगावा लागतो. जो केंद्रस्थानी असतो त्याला आपले स्थान उच्चारावे लागत नाही, असा याचा अर्थ आहे.

हा अनुच्चार संवादाच्या भाषेतही उतरला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांना जग '९/११' म्हणते. आधी दिवस आणि मग महिना लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हिशेबी ती ९ नोव्हेंबर ही तारीख होते. 'फॉल'मधील परिसंवादाचे निमंत्रण ऑस्ट्रेलियातील अभ्यासकाच्या हाती पडते तेव्हा त्याच्याकडे वसंत असतो. 'एशियन' या शब्दाने ब्रिटनमध्ये सामान्यतः भारतीय उपखंडातील माणूस सूचित होतो, तर अमेरिकेत बहुधा पूर्व आशियातील. ही उदाहरणे किरकोळ वाटतील. परंतु वाचक कोण आहे हे बोलणाऱ्याने न विचारताच ठरवून टाकले आहे, हे त्यांतून स्पष्ट होते.

प्रश्न गंभीर होतो तो जातीच्या चर्चेत. आंतरराष्ट्रीय श्रोत्यांसमोर जातीविषयी बोलू लागताच ती अनेकदा अमेरिकी वंशभेदाच्या चौकटीत बसवली जाते. त्या चौकटीत वर्ण म्हणजे त्वचेचा रंग. मग आडनाव, पाणवठा, रोटीबेटीचे निर्बंध, गावकुसाबाहेरची वस्ती या गोष्टी तळटिपेत ढकलल्या जातात. याचा अर्थ तुलनाच अयोग्य, असा नव्हे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. या दोन्ही ठिकाणी तुलनेच्या दोन्ही बाजू नावानिशी उच्चारलेल्या आहेत. कोणी कोणाकडे, कोठून आणि कशासाठी पाहत आहे, हे तेथे लपलेले नाही. तुलना आणि गृहीतक यांतील भेद नेमका हाच होय.

आंतरजालाची जडणघडण प्रामुख्याने अमेरिकेत झाली, तेव्हा तेथील परिभाषा रूढ होणे स्वाभाविक आहे, असा आक्षेप घेतला जाईल. उगमाचे हे स्पष्टीकरण मान्य करता येईल. परंतु त्यामुळे ती परिभाषा सार्वत्रिक ठरत नाही. आपल्या संशोधकांनी ती जशीच्या तशी उचलली, तर स्वतःच्याच अनुभवाला तळटिपा देत बसण्याची वेळ त्यांच्यावर येईल. हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. 'मराठी समाज' असे लिहिताना आपण पुणे-मुंबईचाच समाज गृहीत धरतो आणि गोवा, बेळगाव, बडोदे, तंजावर येथील मराठी भाषकाला मात्र आपला पत्ता सांगावा लागतो. म्हणून प्रबंध असो वा दूरदेशीच्या अभ्यासकाशी चाललेली चर्चा, आपण कोठून बोलत आहोत हे प्रथम सांगणे आणि समोरच्यालाही ते विचारणे, हा अभ्यासकीय शिस्तीचा भाग मानला गेला पाहिजे.