सर्पमित्राचे धैर्य

कोल्हापूरच्या दक्षिणेस, वेदगंगा नदीच्या काठी गारगोटी हे गाव वसलेले आहे. भुदरगड तालुक्याचे ते मुख्य ठिकाण. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा, त्यांच्या उतारावर दाट रान आणि खाली नदीच्या खोऱ्यात भाताची व उसाची शेते, असा हा मुलूख आहे. पाऊस येथे भरपूर पडतो. जेथे धान्य आहे तेथे उंदीर येतात आणि जेथे उंदीर आहेत तेथे साप येणारच. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले, की साप कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडतात. मग कधी गवताच्या गंजीत, कधी लाकडांच्या ढिगात, तर कधी घरातल्या अडगळीत त्यांचे दर्शन घडते.

पूर्वी अशा वेळी घरातून एकच आरोळी उठत असे आणि चार माणसे काठ्या घेऊन धावत असत. साप विषारी आहे की बिनविषारी, याची चौकशी करण्यास कोणी थांबत नसे. उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारी धामणही नागाच्या बरोबरीने मारली जाई. आज पुष्कळ गावांत ही रीत पालटली आहे. साप निघाला, की लोक काठी शोधण्याऐवजी एखाद्या तरुणाला बोलावणे धाडतात. तो लांब आकडी आणि बरणी घेऊन येतो, साप पकडतो आणि दूर रानात सोडून देतो. अशा माणसाला लोकांनी ‘सर्पमित्र’ असे सुरेख नाव दिले आहे. एका खेपेत तो दोन जीव वाचवतो. घरातल्या माणसाचा आणि सापाचाही. त्याचे हे काम निःसंशय मोलाचे आहे.

परंतु हे काम संपल्यावर पुष्कळदा जे घडते, ते मात्र विचार करण्याजोगे आहे. साप बरणीत जातो, झाकण लागते आणि घरातली माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. इतक्यात जमलेल्या गर्दीतून कोणीतरी म्हणतो, “जरा बाहेर काढा की! आम्हांला नीट दिसला नाही.” दुसरा म्हणतो, “फणा काढू द्या त्याला!” तिसरा छायाचित्र घेण्यासाठी पुढे सरसावतो. सर्पमित्राला त्यांचा शब्द मोडवत नाही. तो साप पुन्हा बाहेर काढतो, शेपटी धरून उचलतो, कधी गळ्यात घालतो, तर कधी त्याच्या फण्याजवळ आपले तोंड नेतो. मुले टाळ्या पिटतात. “काय हे धैर्य!” असे मोठी माणसेही म्हणतात.

हे खरोखर धैर्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल, आणि ते कठोरपणे द्यावे लागेल. कारण महाराष्ट्रात आजवर अनेक सर्पमित्रांनी हाती धरलेल्या सापाच्या दंशाने आपले प्राण गमावले आहेत. त्यांत विशी-पंचविशीतले तरुण होते आणि वर्षानुवर्षे साप हाताळणारे जाणतेही होते. सापांविषयी त्यांना काही ठाऊक नव्हते, असे म्हणता येत नाही. ज्याला काही ठाऊक नसते, तो सापाला पाहून दूर पळतो. जवळ जातो तो जाणताच.

केवळ ज्ञानाने विषापासून रक्षण होते, असा कोणाचा समज असेल, तर त्याने दोन शास्त्रज्ञांची हकिगत ध्यानात घ्यावी. कार्ल श्मिट हे अमेरिकेतील शिकागो शहरातले सर्पशास्त्राचे थोर पंडित. १९५७ साली त्यांच्याकडे आफ्रिकेतील एक लहान साप ओळखण्यासाठी पाठवण्यात आला. तो हाताळत असताना त्यांच्या अंगठ्याला चावला. साप लहान, जखम किरकोळ. तेव्हा त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. आपल्या शरीरात काय काय होत आहे, याची मात्र त्यांनी शास्त्रज्ञाच्या शिस्तीने टिपणे लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

दुसरे जो स्लोविन्स्की. हेही अमेरिकेतलेच सर्पतज्ज्ञ. २००१ सालच्या सप्टेंबर महिन्यात ते म्यानमार देशाच्या दुर्गम अरण्यात सापांचा अभ्यास करीत होते. सहकाऱ्याने एक पिशवी त्यांच्यापुढे धरली. आत मण्यारीसारखा दिसणारा, पण निरुपद्रवी साप असावा, असे सहकाऱ्याला वाटत होते. कोल्हापूरकडच्या रानांतही अशी जोडी आढळते. कवड्या हा निरुपद्रवी साप आणि मण्यार हा अतिशय विषारी साप, यांत भल्याभल्यांची गल्लत होते. स्लोविन्स्कींनी पिशवीत हात घातला आणि मण्यारीच्या जातीचा लहानसा साप त्यांच्या बोटाला चावला. हळूहळू त्यांचे सर्व स्नायू लुळे पडले. सहकाऱ्यांनी तोंडाने श्वास देऊन त्यांना तासन्‌तास जगवले; पण खराब हवेमुळे मदत वेळेवर पोचू शकली नाही. त्यांचे वय अवघे ३८ वर्षांचे होते. ज्या जातीच्या सापांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, त्याच जातीच्या सापाने, एका क्षणाच्या गाफीलपणामुळे त्यांचा घात केला.

असे का व्हावे? याचे कारण सापात कमी आणि माणसाच्या मनात अधिक आहे. पहिला साप पकडताना हात कापतो, डोळा सावध असतो, पाऊल जपून पडते. दहावा साप पकडताना कंप जातो. शंभराव्या सापाच्या वेळी माणूस कोणाशी तरी बोलत बोलत हात पुढे करतो. दर खेपेच्या यशाने त्याचे भय थोडे थोडे झिजते. सापाचे विष मात्र तसूभरही झिजत नाही. शंभर वेळा सुटलेल्या माणसाला एकशे एकाव्या वेळी सूट मिळेल, असा काही निसर्गाचा नियम नाही.

याच्या जोडीला आणखी एक भ्रम असतो. साप डूख धरतो, असे जुनी माणसे म्हणत. ही समजूत खरी नाही, हे आजच्या मुलांना ठाऊक आहे. एका माणसाचा चेहरा लक्षात ठेवून त्याचा सूड घ्यावा, इतकी सापाची बुद्धी नाही. पुंगीच्या नादावरही तो डोलत नाही. त्याला बाहेरचा कान नसतो आणि पुंगीच्या हालचालीकडे लक्ष ठेवूनच तो डोके हलवतो. हे सर्व सर्पमित्र लोकांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु जो प्राणी डूख धरीत नाही, तो उपकारही स्मरत नाही. आपण या सापाला जीवदान दिले, तेव्हा तो आपल्याला चावणार नाही, असे मनात कोठेतरी धरून चालणारा माणूस एक अंधश्रद्धा टाकून दुसरी जवळ करीत असतो. माणूस सापाचा मित्र होऊ शकतो. साप माणसाचा मित्र होत नाही. त्याच्या दृष्टीने पकडणारा हात हा केवळ एक संकट असतो आणि संकटाला तो त्याच्याजवळ असलेल्या एकमेव शस्त्राने उत्तर देतो. यात त्याचा दोष नाही.

यावर कोणी म्हणेल, “मग कोणीच सापाच्या जवळ जाऊ नये काय? धोका पत्करल्याशिवाय जगात कोणते मोठे काम झाले आहे?” हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. सर्पदंशावरील औषध तयार होते, ते काही माणसांनी सापाचे विष काढण्याचा धोका पत्करल्यामुळेच. हे विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तात विषाला मारक असा जो अंश तयार होतो, त्यापासून औषध बनवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने या कामात मोलाचा वाटा उचलला आहे. तमिळनाडूतील इरुला जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या साप पकडण्यात निष्णात आहेत. त्यांनी १९७८ साली स्वतःची सहकारी संस्था काढली. ते साप पकडून आणतात, त्यांचे विष काढतात आणि मग ते साप पुन्हा रानात सोडून देतात. हजारो रुग्णांचे प्राण या श्रमांवर वाचले आहेत.

या औषधाची गरज किती मोठी आहे, हे एका आकड्यावरून दिसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे. त्यांत खेड्यांतील कष्टकरी लोकांचाच भरणा अधिक होता. तेव्हा सापांशी संबंध येणारी कामे बंद पडून चालणार नाही. प्रश्न धोका पत्करावा की नाही, हा नाही. तो कशासाठी पत्करावा आणि किती पत्करावा, हा आहे. घरातील माणसांना वाचवण्यासाठी आकडीच्या अंतरावरून साप बरणीत घेणे, हा कर्तव्याचा धोका आहे. तोच साप बरणीतून पुन्हा बाहेर काढणे, हा कोणाच्याही उपयोगाचा नसलेला धोका आहे.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचे उदाहरण अशा वेळी अनेक जण पुढे करतात. १९८० साली त्यांनी काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले होते. परंतु त्या प्रयोगातून त्यांना जे दाखवायचे होते, ते निराळेच होते. सापाला डिवचले नाही, तर तो आपण होऊन माणसाला चावत नाही, हे त्यांना लोकांपुढे मांडायचे होते. साप अंगावरून गेला, तरी शांत राहणे, हे त्या प्रयोगाचे सार होते. ते सार बाजूला सारून केवळ सापाच्या जवळिकीचे अनुकरण करणारा माणूस त्या प्रयोगाचा अर्थ उलटा लावतो. गर्दीपुढे सापाला डिवचून फणा काढावयास लावणे, हे त्या शिकवणीच्या अगदी विरुद्ध आहे. शिवाय ते कायद्याच्याही विरुद्ध आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांचे खेळ करण्यास मनाई केलेली आहे. गारुड्याने केला तर तो गुन्हा आणि सर्पमित्राने केला तर ते शौर्य, असा भेद कायदा करीत नाही.

“चावला तर औषध आहेच,” असेही कोणी म्हणतात. पण औषधालाही मर्यादा आहेत. भारतात मिळणारे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेले असते. सह्याद्रीच्या रानात झाडाझुडपांवर आढळणाऱ्या चापड्याच्या विषासाठी ते बनवलेले नाही. काही रुग्णांच्या शरीराला घोड्यापासून बनवलेले हे औषध मानवत नाही आणि त्याचाच त्यांना मोठा त्रास होतो. घोणसीच्या विषाने प्राण वाचले, तरी कधी बोट, कधी हात कायमचा अधू होतो. औषध हे दुर्दैवाने संकटात सापडलेल्या माणसासाठी आहे. ते हौसेने संकट ओढवून घेण्याचा परवाना नव्हे.

धैर्य म्हणजे काय, हे गारगोटीच्या मुलांना दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात येथील सरकारी कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांनी आपले प्राण वेचले. त्यांची स्मृती हे गाव आदराने जपते. ते मृत्यूला भीत नव्हते, एवढ्यासाठीच त्यांना मान मिळालेला नाही. ज्या गोष्टीसाठी त्यांनी प्राण दिले, ती गोष्ट प्राणांइतकी मोलाची होती, म्हणून त्यांना मान आहे. चार माणसांच्या टाळ्या आणि एक छायाचित्र यांचे मोल एखाद्या तरुणाच्या प्राणांइतके आहे, असे कोण म्हणेल?

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सापाचा खेळ एकटा सर्पमित्र करीत नाही. तो पाहणारी गर्दीही करीत असते. रानात, एकट्याने साप सोडताना कोणी त्याला गळ्यात घालीत नाही. पाहणारे डोळे असतात, म्हणून दाखवणारे हात पुढे होतात. तेव्हा सर्पमित्राला दंश झाला, तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक हाताकडे त्या दोषाचा काही अंश जातो. उद्या त्याच्या घरी जो आकांत होईल, त्यातून गर्दीला अंग काढून घेता येणार नाही.

म्हणूनच या बाबतीत मुलेही पुष्कळ काही करू शकतात. साप दिसताच त्याच्यापासून दूर व्हावे, मोठ्या माणसांना हाक मारावी आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलावण्यास सांगावे. साप लहान आहे, म्हणून त्याला हात लावण्याचा मोह धरू नये. सापाचे पिल्लूही विष घेऊनच जन्मते. सर्पमित्र काम करीत असताना गलका करू नये. त्याचे काम झाले, की “पुन्हा दाखवा” असे न म्हणता “आता झाकण घट्ट लावा” असे म्हणावे. आणि दुर्दैवाने कोणाला दंश झालाच, तर जखम कापणे, रक्त चोखणे, घट्ट दोरी बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे, यांत वेळ न घालवता त्याला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि तत्काळ सरकारी रुग्णालयात पोचवावे.

घरात निघालेला साप लांबूनच बरणीत घेणारा, कोणालाही न दाखवता तो रानात सोडणारा आणि संध्याकाळी सुखरूप आपल्या घरी परतणारा सर्पमित्र कोणाच्या टाळ्या मिळवीत नाही. परंतु त्याच्या परतण्याची वाट पाहणारी त्याची आई, सुखाने निजलेले ते घर आणि रानात निघून गेलेला तो मुका जीव, हे तिघेही त्याच्या धैर्याचे साक्षीदार असतात. भय जाणणारे, अंतर राखणारे आणि काम संपताच थांबणारे धैर्य हेच खरे धैर्य होय.