सफारीची बॅग कोणी भरायची?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्ग सुटताना बाहेर उभ्या असलेल्या पालकांत एकच विषय असतो : यंदा कुठे? दुबईहून नैरोबी विमानाने पाच तासांवर. त्यामुळे बऱ्याच घरांत केनियाच्या सफारीचा बेत शिजतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "बरोबर काय काय न्यायचे?" आमच्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे : बॅग भरायची कोणी?

यादी बाबांनी करायची, बॅग आईने भरायची आणि मुलांनी नुसते विमानात बसायचे, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. आठ वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाने सफारीची बॅग स्वतः भरावी. बॅग भरताना "हे कशाला?" असे विचारावे लागते, आणि त्या उत्तरांतच निम्मी आफ्रिका कळते.

सुरुवात गणिताने करू. नैरोबीहून मसाई माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी साधारण १५ किलो सामान नेता येते, तेही मऊ बॅगेत. हातातली पिशवी आणि कॅमेराही बहुधा त्यातच मोजतात. मोटारीने जाणार असाल तरी हीच मर्यादा पाळा, कारण गाडीत जागा माणसांना हवी. घरातला वजनकाटा मुलांच्या हाती द्या. व्हिडिओ गेम की स्वेटर, हे त्यांना ठरवू द्या.

स्वेटर कशाला, असे मुले विचारतीलच. इथे जुलैत ४५ अंश, आणि केनिया तर विषुववृत्तावर! पण मसाई मारा समुद्रसपाटीपासून १५०० मीटरपेक्षा उंच आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे चांगलीच थंडी असते, आणि प्राणी पाहायला निघायचे ते पहाटेच, उघड्या छताच्या गाडीतून. म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे हवेत : बनियन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, स्वेटर, वाऱ्याचे जाकीट. ऊन चढेल तसे एकेक उतरवायचे. पूर्ण बाह्यांचा संध्याकाळी डासांसाठीही उपयोग होतो.

रंग? मातकट, खाकी, फिकट हिरवा. निळी जीन आणि काळा टी-शर्ट घरीच ठेवा. त्सेत्से नावाची चावरी माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडायचे सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच करतात!

आता आईवर्गाला एक सूचना. चपलांना एक पिशवी, लाडवांना एक पिशवी, ही आपली सवय केनियात चालत नाही. २८ ऑगस्ट २०१७ पासून तिथे प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि शिक्षा कडक आहे. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. आजीने शिवलेल्या कापडी पिशव्या आणि स्टीलची बाटली न्या. एक रिकामी कापडी पिशवी जास्तीची ठेवा. तिथे तीत तांदूळ भरून गाडीच्या खिडकीवर ठेवली की कॅमेऱ्याला छान टेकू मिळतो.

खर्च करायचाच असेल तर तो दुर्बिणीवर करा, आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र दुर्बीण द्या. सगळ्यांत मिळून एक असली की सिंह दिसतो बाबांना आणि भांडण दिसते इतरांना. दुर्बिणीवर '८ × ३०' असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मुलांना ८ पट पुरे. १० पटीत हाताची थरथरही दहापट दिसते. दुर्बीण हातात असलेले मूल चित्ता आणि बिबट्या यांतला फरक स्वतः शोधते : चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळावेत तशा काळ्या रेघा असतात. फोनच्या पडद्यातून पाहणारे मूल फोटो घरी आणते, पण त्या रेघा त्याला दिसलेल्या नसतात.

"आणि खाण्याचे काय?" चिवड्याचा एक डबा जरूर न्या, पण अख्खी बॅग नको. केनियात चहाला 'चाय' म्हणतात आणि चपातीला 'चपाती'च. गाडी म्हणजे 'गारी', दुकान म्हणजे 'दुका', पुस्तक म्हणजे 'किताबू'. 'सफारी' म्हणजे प्रवास, आपल्या 'सफर'चाच भाऊबंद. असे शब्द मुलांनी वहीत लिहून न्यावेत. त्यांचे वजन शून्य! दिवसभरात पाहिलेले प्राणीही त्याच वहीत मराठीत लिहावेत : गेंडा, पाणघोडा, तरस, शहामृग, गिधाड.

एक गोष्ट मात्र मुलांवर सोडू नये : औषधे. मलेरियाच्या गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात आणि मुलांची मात्रा वजनावर ठरते. म्हणून डॉक्टरांना वेळेत भेटावे. केनियाहून परस्पर मुंबईला जाणार असाल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला हवाच. तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. आजीआजोबा विमानतळाबाहेर ताटकळत बसतील!

काही पालक म्हणतील, मुले काहीतरी विसरणारच. विसरू देत. स्वेटर राहिला तर तिथे मसाईंची लाल चौकड्यांची शाल विकत मिळते. पण आपल्या बॅगेत काय आहे आणि ते का आहे हे माहीत असलेले मूल सहलीतला सामानाचा एक नग राहत नाही. ते प्रवासी होते. तेव्हा पालकहो, यंदा वजनकाटा काढा, बॅग मुलांसमोर ठेवा आणि खोलीबाहेर जा. मुलांनो, लागा कामाला!