प्लॅन फॉरवर्ड होणारच, घाबरता कशाला?

फिटनेस ट्रेनिंग सुरू करणारे बरेच जण विचारतात, "सर, क्लायंट वर्कआउट प्लॅन मित्रांना फॉरवर्ड करतो. मग आपल्याकडे कोण येणार?"

माझं मत स्पष्ट आहे, प्लॅन लपवू नका. स्क्वॉट, पुशअप, प्लँक यूट्यूबवर फुकट दिसतात. लोक पैसे देतात ते "आज का नाही आलात?" असं विचारणाऱ्या माणसाला.

म्हणून दोन प्लॅन ठेवा. एक सगळ्यांसाठी: एका पानाचा, २० मिनिटांचा, सोपा, खाली तुमचं नाव आणि नंबर. तो बिनधास्त फिरू द्या, तीच जाहिरात. दुसरा क्लायंटचा स्वतःचा. तो पीडीएफ नको, गुगल शीटवर करा आणि फक्त त्याच्या ईमेललाच शेअर करा. सेट बदलले की त्याला लगेच दिसतात, जुनी फाइल फिरत नाही.

एवढा खटाटोप का? धडधाकट माणसाचा प्लॅन गुडघेदुखीवाल्या मित्राने केला तर दुखणं त्याचं वाढतं आणि नाव तुमचं खराब होतं.

आणि हो, पहिल्याच दिवशी क्लायंटला तुमचा नंबर सेव्ह करायला लावा. नाहीतर व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही!