संगणकी नकाशा : सक्तीआधी मदत हवी

बांधकामाच्या धंद्यात नुसत्या कागदी नकाशाचे दिवस सरत चालले आहेत. आधी संगणकावर खांब, सळई, नळ, वायरिंगसह सगळी इमारत उभी करायची आणि मग पाया खोदायचा, अशी नवी पद्धत आली आहे. तिला ‘बीआयएम’ म्हणतात. नळाचा पाइप तुळईला आडवा जातो, हे तिच्यात आधीच दिसते. आमच्या मलकापुरात ते छिन्नी-हातोडा हाती घेतल्यावर कळते आणि तोडफोडीचा खर्च घरमालकाच्या माथी बसतो.

आपल्या विदर्भातच नागपूर मेट्रोचे काम या पद्धतीने झाले. महामेट्रोने नकाशाला वेळापत्रक आणि खर्चाचीही जोड दिली. मार्च २०१९ मध्ये तेथे गाडी धावू लागली. पण महामेट्रोमागे सरकारी तिजोरी होती. तालुक्याच्या ठेकेदारामागे कोण? संगणक, सॉफ्टवेअर आणि ते चालवणारा माणूस, हा खर्च वर्षाला दोन-तीन घरे बांधणाऱ्याला झेपणारा नाही.

सिंगापूर सरकारने २०१० मध्ये यासाठी खास निधी काढला आणि सक्ती नंतर टप्प्याटप्प्याने आणली. ब्रिटनने २०११ मध्ये जाहीर केलेली अट केंद्र सरकारच्या कामांना २०१६ मध्ये लावली. म्हणजे तयारीला पाच वर्षे मिळाली.

आम्ही कापडवाले. आम्हाला हा अनुभव नवा नाही. १९९९ मध्ये केंद्राने आमच्या उद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली व कर्जाच्या व्याजात ५ टक्के सवलत दिली. पण ज्याला बँक दारातच उभे करीत नाही, त्याला व्याजाच्या सवलतीचा काय उपयोग? लहान यंत्रमागांसाठी २० टक्के अनुदानाचा पर्याय आला तो २००३ मध्ये. बांधकामात लहान माणसाचा विचार पहिल्याच दिवशी व्हावा.

आमच्या सूचना साध्या आहेत. मलकापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शासनाने खर्च देऊन तेथे ठेकेदार व मिस्त्री यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग चालवावेत, मराठीतून आणि उर्दूतूनही. सॉफ्टवेअर तेथेच ठेवून माफक दरात वापरू द्यावे. लहान सरकारी कामांचा संगणकी नकाशा सार्वजनिक बांधकाम विभागानेच तयार करून टेंडरसोबत द्यावा.

नाहीतर उद्या टेंडरमध्ये एका ओळीची अट येईल, गावच्या शाळा-दवाखान्याचे काम मोठ्या शहरातील कंपनी घेईल आणि आमचा ठेकेदार तिचा पोटठेकेदार बनेल. त्याचा फटका आमच्या दुकानांनाही बसेल. मिस्त्री आणि मजूर सणासुदीला कापड घेतात, ते याच कमाईतून.